पात्राचा सातबारा: कॅरेक्टर शीट सांभाळायला खर्च किती?

आमच्या टेबलावर आजवरचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका आकड्यावरून. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे खेळातल्या पात्राच्या नोंदीच्या कागदावर, जिवाच्या रकान्यात पेन्सिलीनं जे उमटलं होतं, तो देवनागरी एक होता की इंग्रजी नऊ? एक असेल तर आमचा तलवारबहाद्दर पुढच्या फटक्यात आडवा होणार होता. नऊ असेल तर दार फोडून बाहेर पडणार होता. रकाना इतक्या वेळा खोडला होता की कागदाची सालं निघाली होती. उजेडापुढं धरला, उलटा करून पाहिला, फोटो काढून मोठा करून पाहिला. अर्धा तास गेला. शीट मात्र होती तीन पानी, रंगीत, चांगल्या जाड कागदावर काढलेली.

कवठे महांकाळसारख्या गावात पात्रं घेऊन खेळायचा हा खेळ बहुतेक सुट्टीत येतो. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली पोरं दिवाळीत, मे महिन्यात घरी येतात, सोबत वीस पैलूंचा फासा आणि मोबाइलमध्ये नियमांची पीडीएफ घेऊन. मग चुलतभाऊ, शेजारी, शाळासोबती जमतात. खेळायला उत्साह असतोच, गोंधळ होतो तो नोंदींचा. पैसेही नको तिथं जातात: रंगीत प्रिंटवर, महिन्याच्या वर्गणीवर, न लागणाऱ्या ॲपवर. म्हणून हा हिशेब. यातले दुकानातले दर अंदाजासाठी आहेत. गावात, मिरजेत आणि सांगलीत दुकानागणिक दोन-पाच रुपयांचा फरक असतोच. परदेशी सेवांचे दरही बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा आकडा पाहून घ्या.

घाईत असाल तर एवढंच वाचा

- एका खेळाडूची नोंद नीट ठेवायला शंभर ते दोनशे रुपये पुरतात, तेही एकदाच.
- पहिला खर्च वही आणि पाटीवर करा. लॅमिनेशन दुसरं. वर्गणी सगळ्यात शेवटी, आणि ती सगळ्या गटात मिळून एकच.
- रंगीत प्रिंट काढू नका.
- गटात आकडे एकाच लिपीत लिहायचे, हा नियम पहिल्याच दिवशी करा. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ, देवनागरी पाच आणि इंग्रजी चार घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात. या नियमाला खर्च शून्य.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी

‘पोरं रात्रभर कागद घेऊन काय बडबडतात’ असा प्रश्न पडलेल्या पालकांनी हा भाग वाचावा. एकजण सूत्रधार असतो, पोरं त्याला डीएम म्हणतात. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात, आपलं पात्र काय करतं ते बोलून दाखवतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सांगली जिल्ह्याला यात नवं वाटावं असं फार नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या काळच्या नाटकांत सूत्रधार पदं गाऊन कथा पुढं न्यायचा आणि पात्रं बरीचशी भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. फरक इतकाच की इथं पात्राची ताकद, जखमा आणि खिशातली नाणी आकड्यांत मोजतात. आकडे आले की नोंद आली.

या प्रकारातला पहिला आणि अजूनही सगळ्यात जास्त खेळला जाणारा खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला: एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. त्यातल्या पहिल्या पुस्तिकेत झायलार्थेन नावाच्या जादूगाराची नोंद नमुना म्हणून दिली होती. सहा गुण, थोडी सोन्याची नाणी, अनुभवाचे गुण, संपलं. अख्खं पात्र मोजक्या ओळींत बसलं होतं. २०१४ च्या आवृत्तीची अधिकृत शीट तीन पानांची आहे: पहिल्या पानावर गुण, कौशल्यं, लढाई आणि सामान, दुसऱ्यावर रूप आणि पूर्वकथा, तिसऱ्यावर मंत्र. तुमचं पात्र मंत्र म्हणत नसेल तर तिसरं पान म्हणजे निव्वळ पोटखराबा. ते छापूच नका.

आधी नोंदी वेगळ्या करा, मग पैसे काढा

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ही गोष्ट दोन मिनिटांत कळते. सातबारा हा मुळात दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, किती, तिच्यावर बोजा काय. बारा म्हणजे रानात आज कोणतं पीक उभं आहे. आणि या दोन्हींमागं असते सहा नंबरची फेरफार नोंदवही: नाव का चढलं, का उतरलं, कधी. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात जे आकडे दिसतात ते याच फेरफारांचे क्रमांक. कागद एकत्र पाहायला मिळतो, पण नोंदी तीन ठिकाणच्या असतात, कारण त्या बदलण्याचा वेग वेगळा आहे.

कॅरेक्टर शीटचं नेमकं इथंच फसतं. वर्षभर न बदलणारं नाव आणि दर दोन मिनिटांनी बदलणारा जीव ती एकाच कागदावर मांडते. मग बदलणाऱ्या आकड्यापायी न बदलणारा कागदही फाटतो आणि पुन्हा प्रिंटचा खर्च येतो. म्हणून पात्राचेही तीन नमुने करा.

*नमुना सात: पात्र कोण आहे.* नाव, वंश, वर्ग, सहा गुण, कौशल्यं, एकूण जीव किती. हे लेव्हल वाढली की बदलतं, म्हणजे चार-सहा बैठकांत एकदा. नाव पेनानं लिहा, बाकी पेन्सिलीनं.

*नमुना बारा: आत्ता रानात काय उभं आहे.* उरलेला जीव, वापरलेले स्पेल स्लॉट (मंत्र म्हणायच्या ठरावीक पाळ्या), बाण, नाणी, मशाली. हे सतत बदलतं. याला कागद नकोच. पाटी, लॅमिनेट केलेलं पान किंवा चिंचोके चालतात.

*नमुना सहा: फेरफार.* तारीख, काय बदललं, कशामुळं. ही वही फक्त पुढं भरत जायची, तिच्यात खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारून खाली नवी ओळ लिहा.

हे तीन वेगळे झाले की कोणत्या नोंदीला किती पैसे लावायचे ते आपोआप कळतं.

कागदाचा मार्ग

कोऱ्या अधिकृत शीटची पीडीएफ हा खेळ काढणारी कंपनी फुकट देते. २०१४ च्या शीटच्या तळाशी तर वैयक्तिक वापरासाठी प्रती काढायला परवानगी असल्याचं छापलेलंच आहे. तेव्हा झेरॉक्सवाल्याकडं बिनदिक्कत जा. ही परवानगी शीटपुरती आहे. अख्खं नियमपुस्तक स्कॅन करून वाटायला ती लागू होत नाही.

साधारण दर असे धरा:

- झेरॉक्स, एका पानाला: २ ते ३ रुपये
- काळी प्रिंट, एका पानाला: ५ ते १० रुपये
- रंगीत प्रिंट, एका पानाला: १० ते २० रुपये
- ए-४ लॅमिनेशन: २० ते ४० रुपये
- स्पायरल बाइंडिंग: ३० ते ५० रुपये

आता हिशेब. पाच खेळाडू, प्रत्येकी तीन पानं, म्हणजे पंधरा पानं. सगळी दहा रुपयांनी प्रिंट केली तर १५० रुपये. एकच संच प्रिंट करून घेतला तर ३० रुपये, आणि उरलेल्या चौघांच्या बारा पानांची दोन रुपयांनी झेरॉक्स म्हणजे २४. एकूण ५४. जवळजवळ शंभर रुपये वाचले. त्यात फासे येणार नाहीत, पण चहा-भजी नक्की येतील.

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी सांभाळा.

पहिली, कागदाचं माप. अमेरिकी शीट ‘लेटर’ मापाची असते: रुंदी २१६ मिलिमीटर, उंची २७९. आपल्याकडचा ए-४ कागद २१० बाय २९७. म्हणजे आपला कागद अंगानं अरुंद आणि उंचीनं जास्त. मूळ मापात छापलं की दोन्ही बाजूंचे रकाने कापले जातात. दुकानदाराला ‘फिट टू पेज करा’ एवढंच सांगा आणि पहिलं पान बघून मगच पुढची काढायला लावा.

दुसरी, व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवलात तर बारीक अक्षरं फुटतात आणि पैसे जातातच.

तिसरी, भरलेली पीडीएफ. काही शीटमध्ये संगणकावरच टाइप करायची सोय असते. तिथं मराठी टाइप केलं तर बऱ्याचदा अक्षरांऐवजी चौकोन उमटतात किंवा जोडाक्षरं सुटी होतात. मराठीत लिहायचं असेल तर कोरी शीट छापा आणि हातानं भरा.

चौथी, राखाडी नक्षी. सजावटीच्या शीटची झेरॉक्स काढली की नक्षीचा काळा डाग होतो आणि त्यावर पेन्सिल दिसत नाही. साध्या रेघांची शीट निवडा.

वही आणि पाटी: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात टिकाऊ

खरं सांगायचं तर शीट छापलीच पाहिजे असं नाही. शंभर पानी वही तीस-चाळीस रुपयांत येते. पेन्सिल, खोडरबर, शार्पनर मिळून वीस रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनरवरचा जीएसटी शून्य झाला आहे. आधी यातल्या बहुतेक वस्तूंवर तो बारा टक्के होता. तेव्हा बिलात या वस्तूंवर कर लावलेला दिसला तर विचारा.

वहीची मांडणी अशी करा. पहिलं उघडं जोडपान म्हणजे नमुना सात. डावीकडं सहा गुण, उजवीकडं कौशल्यं आणि शस्त्रं. पुढची दोन पानं सामानाला. त्यानंतर चार-पाच पानं कोरी सोडा, लेव्हल वाढेल तशी लागतात. वही मागून उघडायची आणि तिथून फेरफार सुरू करायचा. दोन्हीकडून भरत आलं की मध्ये गाठ पडते, तेव्हा नवी वही घ्यायची. नकाशे काढायचे असतील तर पहिली-दुसरीच्या पोरांची चौकटीची गणिताची वही घ्या. वेगळा ग्राफ पेपर विकत घ्यायची गरज नाही.

आकडा लिहिताना त्याचा उगम शेजारी लिहा, ही सवय सगळ्यात मोलाची. चामड्याचं चिलखत घातलेल्या पात्राचा बचाव १४ असेल तर नुसतं १४ लिहू नका. ‘११ चिलखत + ३ चपळाई’ असं लिहा. चिलखत बदललं की काय पुसायचं ते लगेच कळतं. गुणावरून मिळणारी वाढही तशीच: गुणातून दहा वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्या. चौदाला अधिक दोन, नऊला उणे एक. हे सूत्र वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवा.

नमुना बारासाठी पाटीसारखं साधन नाही. चाळीस-पन्नास रुपयांची पाटी, दोन पेन्सिली आणि ओला बोळा. जीव किती उरला ते मोठ्या अक्षरात पाटीवर, सगळ्यांना दिसेल असं. दुसरा पर्याय म्हणजे शीटचं पहिलं पान लॅमिनेट करून त्यावर व्हाइटबोर्डच्या मार्करनं लिहिणं: लॅमिनेशन ३० आणि मार्कर ३० रुपये. चुकून परमनंट मार्कर वापरला गेला तर घाबरू नका. त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्डचा मार्कर फिरवा आणि लगेच पुसा, बहुतेक वेळा दोन्ही निघून जातात.

स्पेल स्लॉट आणि बाण मोजायला चिंचोके घ्या, ते घरात असतातच. तिसऱ्या लेव्हलच्या जादूगाराला पहिल्या दर्जाचे चार आणि दुसऱ्या दर्जाचे दोन स्लॉट मिळतात. दोन वाट्यांत चार आणि दोन चिंचोके ठेवा, मंत्र म्हटला की एक उचला. आमच्या भागात हात बेदाण्याकडं आधी जातो, पण बेदाणे मोजायला घेऊ नका. लढाई संपायच्या आत ते संपतात, आणि शत्रूनं खाल्ले की मित्रानं याचा पत्ता लागत नाही.

मंत्र जास्त असतील तर कार्डं करा. कार्डशीट कापून पत्त्यांच्या आकाराची घ्या, एका कार्डावर एक मंत्र: नाव, किती लांब जातो, किती वेळ टिकतो, काय होतं. एका शीटमध्ये आठ-दहा कार्डं होतात आणि शीट दहा-पंधरा रुपयांत येते. तयार छापील कार्डांचे संच मिळतात, पण त्यांना कित्येक पट पैसे पडतात आणि त्यातले निम्मे मंत्र तुमच्या पात्राला लागतच नाहीत.

पूर्वकथा किती लिहावी?

आपल्याकडं हेळवी घराच्या दारात येतो आणि चोपडीतून पिढ्यांची नावं, मूळ गाव, कूळ सांगतो. त्याच्या नोंदीत वर्णन नसतं, धागे असतात: कोण कुठून आलं, कुणाशी सोयरीक झाली. पात्राची पूर्वकथाही तशीच लिहा. मूळ गाव, एक जिवंत नातेवाईक, एक देणं, एक वैर. चार ओळी. सूत्रधाराला गोष्टीत ओवायला एवढं पुरतं. दहा पानी पूर्वकथा लिहिणाऱ्यांचं पात्र बऱ्याचदा दुसऱ्या बैठकीत मरतं, हा आमचा अनुभव आहे.

मराठी शीट स्वतः करता येते का?

येते, आणि कायद्यानं येते. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या मूळ नियमांचा एक दस्तऐवज, आवृत्ती ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. मूळ श्रेय दिलं की त्यातला मजकूर भाषांतरित करून वापरता येतो, छापता येतो. कंपनीची बोधचिन्हं आणि तिच्या शीटची नक्षी मात्र उचलायची नाही. सहा गुणांना आम्ही वापरतो ती नावं अशी: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप. घरातली लहान पोरं आणि इंग्रजीला बिचकणारे मित्र यामुळं लगेच खेळात येतात. टायपिंग स्वतः केलं तर खर्च एका प्रिंटचा.

मोबाइल आणि संगणक

कागदाला लाइटची आणि रेंजची गरज नसते, मोबाइलला दोन्हीची असते. तरी बैठक एका गावात आणि खेळाडू तीन शहरांत असतील तर डिजिटल नोंद लागतेच. पर्याय असे:

*गूगल शीट्स: फुकट.* सातबारा पद्धतीला उत्तम. एका फाइलमध्ये तीन पानं करा: सात, बारा, सहा. गटातल्या सगळ्यांना पाहायची परवानगी, बदलायची फक्त ज्याची त्याला. मोबाइलवर फाइल ‘ऑफलाइन’ करून ठेवली की रेंज गेली तरी चालते. एक सावधगिरी: दोन वर्षं अजिबात न वापरलेलं गूगल खातं कंपनी बंद करून त्यातला मजकूर काढून टाकू शकते. खेळासाठी वेगळं खातं काढलं असेल तर अधूनमधून उघडा.

*डी अँड डी बियॉन्ड: फुकट ते वर्गणी.* ही कंपनीची स्वतःची सेवा. बेरजा आपोआप होतात, हे मोठं सुख. फुकट खात्यात सहा पात्रं ठेवता येतात आणि तयार शीटची पीडीएफही काढता येते. एका माणसाला सहा पात्रं आयुष्यभर पुरावीत. वरच्या दोन वर्गण्या महिन्याला २.९९ आणि ५.९९ डॉलर, वर्षाला २५.९९ आणि ५४.९९ डॉलर अशा आहेत. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाचे साधारण २,३४० आणि ४,९५० रुपये. इथं फसगत होते ती अशी: वर्गणीत पुस्तकं येत नाहीत. ती वेगळी विकत घ्यावी लागतात. खेळाडूच्या मुख्य पुस्तकाची डिजिटल प्रत २९.९९ डॉलरला, म्हणजे आणखी २,७०० रुपये. दोन्हींतली महागडी वर्गणी एकानं घेतली तर त्यानं विकत घेतलेली पुस्तकं गटातल्या बाकीच्यांना वापरता येतात. म्हणून घ्यायचीच तर गटात एकच, आणि तीही वर्गणी काढून.

*फाउंड्री: एकदाच ५० डॉलर.* दुरून खेळणाऱ्यांसाठी नकाशासकट पूर्ण टेबल. फक्त सूत्रधाराला विकत घ्यावं लागतं, खेळाडूंना नाही. साधारण ४,५०० रुपये, पाच जणांत ९०० रुपये डोकं. वर्षभर नियमित खेळणार असाल तरच. दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी हा खर्च करू नका. रोल ट्वेंटी या अशाच दुसऱ्या सेवेचं फुकट खातं तेवढ्याला पुरतं.

डिजिटल नोंदीत एक धडा लक्षात ठेवावा. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी आवृत्ती येताना डी अँड डी बियॉन्डनं जाहीर केलं की जुन्या शीटवरचे मंत्र आणि जादुई वस्तू नव्या नियमांप्रमाणं बदलल्या जातील. चालू खेळातल्या पात्रांचे आकडे आपोआप फिरणार होते. खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांत कंपनीनं तो निर्णय मागं घेतला. त्या वेळी निभावलं. पण दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेल्या दप्तराची एक नक्कल आपल्या घरी असावी. लेव्हल वाढली की पीडीएफ काढून ठेवा.

परदेशी पैसे भरताना

- डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. नव्या कार्डांवर ते बंदच ठेवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. बँकेच्या ॲपमधून चालू करा, मर्यादा छोटी ठेवा, काम झालं की बंद करा.
- बँक चलनबदलासाठी वेगळं शुल्क लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. शंभर रुपयांमागं चार रुपये जादा धरून चला. सेवेच्या किमतीवर कर वेगळा लागतो का, हे शेवटच्या पानावर पाहा.
- दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी असेल तर कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश यायला हवा. तो वाचायची सवय ठेवा. सुट्टी संपते, पोरं पुण्याला जातात, खेळ थांबतो आणि वर्गणी मात्र कापत राहते.
- फुकट चाचणी घेतली तर त्याच दिवशी कॅलेंडरात ‘बंद करा’ अशी आठवण लावा.

सूत्रधाराचं एक पान

सूत्रधारानं सगळ्यांच्या शीटच्या प्रती ठेवायची गरज नाही. त्याचा एक ‘आठ-अ’ असावा. गावात आठ-अ उताऱ्यावर एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र दिसते, तसं इथं एका पानावर अख्खा गट: पात्राचं नाव, बचाव, एकूण जीव, एक गुपित, एक देणं. पाच ओळी. बैठक संपली की प्रत्येकानं आपल्या शीटचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा, तारीख लिहून. शीट एसटीत राहिली, पावसात भिजली, धाकट्या बहिणीनं तिची होडी केली, तरी मागच्या बैठकीपर्यंतचं सगळं परत मिळतं.

तीन हिशेब

*सुट्टीपुरता खेळ:* वही ४०, पेन्सिल-खोडरबर-शार्पनर २०, पाटी ५०. एकूण ११० रुपये.

*वर्षभराचा खेळ, कागदावर:* झेरॉक्स शीट तीन पानं ९, लॅमिनेशन ३०, मार्कर ३०, फेरफाराची वही ४०, कार्डशीट १५, फोल्डर २०, पेन्सिलीचं सामान २०. एकूण १६४ रुपये.

*दुरून खेळणारा गट:* गूगल शीट्स आणि फुकट खाती मिळून शून्य. नकाशासकट टेबल हवं असेल तर फाउंड्रीचे डोकी ९०० रुपये, वर बँकेचं शुल्क.

फसवणूक झाली तर

बिल मागा, अगदी साठ रुपयांचं असलं तरी. वेष्टनावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे. ऑनलाइन मागवलेलं सामान तुटकं आलं, परतावा अडकला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. तिथंही पहिला प्रश्न नोंदीचाच असतो: बिल, तारीख, फोटो.

डिजिटल सहीचा सातबारा काढायला सरकार पंधरा रुपये घेतं. पात्राच्या सातबाऱ्याची झेरॉक्स त्याहून स्वस्तात पडते, फक्त तो आपला आपण लिहावा लागतो.

आणि हो, त्या भांडणाचा निकाल. तो दोन दिवसांनी लागला. सूत्रधाराच्या वहीच्या मागच्या पानावर एक ओळ सापडली: ‘सतरातून सोळा गेले.’ म्हणजे तो एकच होता. पण तोवर आमचा गडी दार फोडून बाहेर पडला होता, नदी ओलांडून पलीकडच्या गावात पाटलाच्या घरी जेवायलाही बसला होता. त्याला भरल्या ताटावरून उठवून मारायची छाती कुणाची होईना. आम्ही वहीत नवी ओळ लिहिली: ‘फेरफार क्रमांक एक. आकडा चुकीचा, गडी जिवंत. सर्वांना मान्य.’